पाण्याच्या पाळीचा तास

बेळगावच्या पश्चिमेस, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. सासरच्या मळ्यातील विहीर चार भाऊबंदांत सामाईक आहे. तीन फेजची वीज ठरावीक वेळीच येत असल्यामुळे ती आली की प्रत्येकाने एकेक तास पाणी घ्यायचे, असा वाडवडिलांच्या काळापासूनचा ठराव आहे. मात्र तास कोणाच्या घड्याळाने मोजायचा हे त्या ठरावात कोठेही लिहिलेले नाही. एकाचे मनगटी घड्याळ पाच मिनिटे पुढे, दुसऱ्याचा मोबाईल घरी चार्जिंगला लावलेला, आणि तिसरा सरीच्या टोकाला असल्यामुळे त्याला हाक ऐकू येत नाही, अशा कारणांनी दर आठवड्याला पाटावर शब्दाला शब्द लागत असे. माझे यजमान उद्यमबागेतील कारखान्यात पाळीवर जात असल्यामुळे आमच्या वाट्याचे दारे धरण्याचे, म्हणजे पाटाचे पाणी वळवण्याचे, काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते आणि त्यामुळे ती बोलणीही माझ्याच कानावर पडतात.

विहिरीच्या काठावर सर्वांना दिसेल असे, विजेच्या खांबाशी काहीही संबंध नसलेले, उन्हावर चालणारे आणि एक कळ दाबली की तासाची उलटी मोजणी सुरू करणारे एखादे यंत्र बसवावे, असे मला वाटू लागले. बाजारात स्वयंपाकघरातले छोटे टायमर मिळतात हे मला ठाऊक होते. परंतु त्यांचे बारीक आकडे थोरले चुलत सासरे आप्पा यांना वाचता येत नाहीत, आणि त्यांचे सेल नेमके आमच्या पाळीला संपणार, अशी माझी खात्री होती. खरे सांगायचे तर, स्वतः करून पाहण्याची हौसही होतीच. बारावीपर्यंत मी विज्ञान शाखेत होते. त्यानंतरची सोळा वर्षे शिवणयंत्रावर गेल्यामुळे त्यातील ओहमचा नियम तेवढा शिल्लक राहिला होता.

सासूबाईंना ही कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी आपल्या लग्नातील घटिकापात्राची आठवण काढली. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली, असे समजत. "मग तुझा तास म्हणजे अडीच घटका," असे त्या सहज म्हणाल्या. पुढे कामात अडले की मला ती वाटी आठवत असे, कारण मी जोडत असलेल्या विजेच्या मंडलातही (सर्किटमध्येही) एक भांडे हळूहळू भरते आणि ते किती वेळात भरते यावरच सारा हिशोब उभा असतो.

पहिला प्रयत्न गणेशोत्सव आटोपल्यावर केला. नवशिक्याच्या हाती सर्वप्रथम पडते ती १९७२ साली बाजारात आलेली ५५५ क्रमांकाची आयसी, म्हणजे अनेक सुटे भाग एका लहानशा तुकड्यात सामावलेली चिप. तिच्यात कपॅसिटर हे भांडे आणि रेझिस्टर ही त्याला पाणी पुरवणारी बारीक नळी. दोहोंच्या गुणाकाराला १.१ ने गुणले की वेळ सेकंदांत मिळते. तासाचे ३६०० सेकंद मिळवण्यासाठी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सुमारे ३३ लाख ओहमचा रेझिस्टर लागतो, असे गणित मी वहीत मांडले. खडेबाजाराजवळच्या एका गल्लीतून सामान आणले आणि ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचून जोडायच्या पाटीवर, जोडणी करून मोबाईलच्या चार्जरवरून पाच व्होल्टचा पुरवठा दिला. दिवा लागला. तास भरला की तो विझायला हवा होता. तास झाला, दोन तास झाले, आम्ही जेवून झोपलो, आणि सकाळी सडा घालायला उठले तेव्हाही तो दिवा तसाच जळत होता.

जोडणी दहा वेळा तपासूनही चूक सापडेना, तेव्हा ती पाटी पिशवीत घालून मी बाजारातील टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. ते घरी कन्नड बोलतात, आमच्याशी मराठीत बोलतात आणि गिऱ्हाईक बाईला अक्का म्हणतात. त्यांनी पाटीकडे पाहिले, मल्टीमीटर न लावताच हसले आणि म्हणाले, "अक्का, गळका रांजण आहे हा. तुम्ही थेंबथेंब पाणी घालताय, तो तेवढंच झिरपवतोय. भरणार कधी?"

इतक्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधून थोडा प्रवाह नेहमीच झिरपत असतो. ३३ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून शेवटी शेवटी येणारा प्रवाह जेमतेम अर्धा मायक्रोॲम्पिअर असतो आणि गळती त्याहून सहज जास्त भरते. त्यामुळे भांडे ठरलेल्या खुणेपर्यंत कधीच चढत नाही. गणित बरोबर होते, पण ते न गळणाऱ्या भांड्याचे होते. शिवाय ही जुन्या घडणीची आयसी स्वतःसाठीच काही मिलिॲम्पिअर खाते, ही सौरऊर्जेवरील यंत्राच्या दृष्टीने आणखी एक अडचण.

काकांनी सुचवलेली दुसरी आयसी म्हणजे सीडी ४०६०. हिच्यात लहान भांडे भराभर भरून रिकामे होते आणि किती वेळा रिकामे झाले हे आयसी आतल्या आत मोजत राहते. एक मोठा रांजण तासभर भरत बसण्याऐवजी एक छोटे माप हजारो वेळा भरायचे. हिच्या आत १४ पायऱ्यांचा मोजक आहे आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निम्म्या गतीने चालते. मोजणी शून्यापासून सुरू केली तर बरोबर ८१९२ आवर्तने झाल्यावर (भांडे एकदा भरून रिकामे होणे म्हणजे एक आवर्तन) शेवटच्या पायरीचा पाय, म्हणजे आयसीतून बाहेर आलेल्या सोळा टोकांपैकी ३ क्रमांकाचा, वर जातो, म्हणजे त्यावर पूर्ण व्होल्टेज येते. ३६०० सेकंदांना ८१९२ ने भागले की एका आवर्तनाला सुमारे ०.४४ सेकंद येतात. आवर्तनाचा काळ म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराच्या २.३ पट, असे धरून ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला सुमारे ४ लाख ६ हजार ओहम लागतात. ३ लाख ३० हजारांचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्यापुढे २ लाख २० हजारांचा प्रीसेट अशी जोडी मी केली, म्हणजे पेचकस फिरवून नेमकी वेळ साधता येईल. हे दोन्ही मिळून १० क्रमांकाच्या पायाला, कपॅसिटर ९ क्रमांकाला आणि त्यांच्या संगमापासून १० लाख ओहमचा आणखी एक रेझिस्टर ११ क्रमांकाला जातो. तास भरल्यावर मोजणी थांबावी म्हणून ३ कडून ११ कडे तोंड करून एक छोटा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावायचा. तो ३ वरील व्होल्टेज ११ वर नेतो आणि आतले आवर्तन जागच्या जागी थबकते.

या जोडणीतही मी एक घोळ केलाच. मोजणी शून्यावर आणणारा १२ क्रमांकाचा पाय कळेखेरीज कशालाच न जोडता मी मोकळा सोडला होता. परिणामी पाटीजवळ नुसता हात नेला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, आणि माझ्या लेकीला हा जादूचा खेळ फारच आवडला. या पायापासून १ लाख ओहमचा रेझिस्टर ऋण बाजूला बांधला, तेव्हा तो शांत झाला.

उलटी मोजणी दिसणार कशी, हा प्रश्न मात्र बरेच दिवस सुटेना. आकडे दाखवणारी पट्टी लावली तर तिच्यासाठी आणखी आयसी हव्यात, वीजही बरीच जाणार, आणि सीडी ४०६० तर फक्त चढतेच मोजते. एके दुपारी ब्लाऊजचे कापड उलटसुलट करीत असताना त्याचे उत्तर सुचले. १ क्रमांकाचा, म्हणजे १२ व्या पायरीचा, पाय पहिल्या पाव तासाने वर जातो, अर्ध्या तासाला खाली येतो आणि पाऊण तासाला पुन्हा वर जातो. २ क्रमांकाचा, म्हणजे १३ व्या पायरीचा, पाय अर्ध्या तासाने वर जातो आणि तास भरेपर्यंत वरच राहतो. दिवे असे जोडले की पाय खाली असताना ते पेटतील आणि वर गेला की विझतील, तर आरंभी दोन्ही दिवे पेटलेले असतात, पाव तासानंतर फक्त दुसरा, अर्ध्या तासानंतर फक्त पहिला आणि पाऊण तासानंतर एकही नाही. २ क्रमांकाच्या दिव्याची किंमत अर्धा तास आणि १ क्रमांकाच्या दिव्याची पाव तास धरली, तर पेटलेल्या दिव्यांची बेरीज म्हणजे शिल्लक राहिलेले पूर्ण पाव तास. आयसी चढतेच मोजत असते, आपण फक्त सुलटीऐवजी उलटी बाजू पाहायची. एवढ्या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद याच गोष्टीचा झाला.

अर्ध्या तासासाठी मोठा आणि पाव तासासाठी धाकटा असे दोन तांबडे दिवे घेतले. पांढऱ्या दिव्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि तांबड्याला दोनच्या आत भागते, म्हणून रंग तांबडा. आयसीच्या पायातून जेमतेम अर्धा ते एक मिलिॲम्पिअर मिळतो, आणि तेवढ्यावर दिवा देवघरातल्या मंद समईसारखा मिणमिणतो. त्यामुळे प्रत्येक दिव्यामागे बीसी ५५७ हा ट्रान्झिस्टर, म्हणजे थोड्या प्रवाहाने जास्त प्रवाह चालू-बंद करणारा भाग, उभा केला आणि तासाच्या शेवटी वाजणाऱ्या बझरसाठी बीसी ५४७ लावला. ७ क्रमांकाच्या पायावरही तसाच एक बारीक दिवा आहे. तो दर सात सेकंदांनी लुकलुकतो आणि यंत्र चालू असल्याचे सांगतो.

सौर पॅनेल सहा व्होल्ट, १०० मिलिॲम्पिअरचे, तळहाताएवढे. सुरुवातीला मी ते थेट मंडलाला जोडले, कारण पाणी दिवसा द्यायचे तर बॅटरी कशाला, असा माझा हिशोब होता. ऑक्टोबर महिन्यात अंगणात चाचणी घेत असताना चाळीस मिनिटांनी एक ढग सूर्यावरून गेला. दिवे विझले, पुन्हा लागले, आणि पाहते तो दोन्ही पेटलेले. पुरवठा क्षणभर तुटल्यामुळे यंत्राने तास पहिल्यापासून धरला होता. विहिरीवर हेच घडले असते तर एखाद्याला एक तास चाळीस मिनिटे पाणी मिळाले असते आणि पुढच्याने मला जाब विचारला असता.

त्यानंतर निकेल मेटल हायड्राइडचे २००० मिलिॲम्पिअर-तासांचे तीन सेल घातले. तिन्ही मिळून ३.६ व्होल्ट होतात आणि या आयसीला तीन व्होल्टपासून पुढे चालते. लिथियमचा सेल घेतला असता तर त्याला जादा चार्ज होऊ न देणारे वेगळे मंडल लागले असते, आणि माझ्यासारख्या शिकाऊ बाईने त्या वाटेला न जाणेच बरे. या सेलांना क्षमतेच्या विसाव्या भागाएवढा प्रवाह दिवसभर मिळत राहिला तरी ते फारशी कुरकुर करीत नाहीत. रात्री सेलांमधील वीज उलट पॅनेलकडे झिरपू नये म्हणून मध्ये १एन५८१९ हा डायोड घातला. खर्चाचा हिशोब मी किराणाच्या वहीतच मांडला. दिवे सरासरी आठ मिलिॲम्पिअर, चार पाळ्यांचे चार तास आणि वर बझरची काही मिनिटे, म्हणजे दिवसाला सुमारे ४० मिलिॲम्पिअर-तास. धड ऊन असेल तर तेवढी कमाई पॅनेल तासाभरात करते.

आता पक्क्या पाटीवर डाख देण्याची, म्हणजे कथलाने सारे पक्के जोडण्याची, वेळ आली. खरे तर शिवणकाम करणाऱ्या बाईने ही चूक करायला नको होती. छिद्रांच्या पाटीवर आयसी वरून बसते आणि तिचे पाय खालून जोडायचे असतात. कापडाची उलट बाजू वर घेतली की डावी बाही उजवीकडे जाते, हे मी मुलींना शिकवते, आणि तरीही मी पायांचे क्रमांक वरून दिसतात तसेच खालून मोजले. धन पुरवठा १६ ऐवजी १ ला आणि ऋण ८ ऐवजी ९ ला गेला. आयसी तापली आणि गेली. ती दोन कप चहाच्या किमतीची असल्यामुळे नुकसान मोठे नव्हते, पण सोळा पायांचा डाख काढताना पाटीवरील तांबे उखडले आणि सारी जोडणी उसवून नव्याने करावी लागली. "आधी आयसी खोचायचा बेस बसवा, आयसी सगळ्यात शेवटी," हे काकांनी त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर मी ऐकले असते की नाही, हे सांगवत नाही.

वेळ साधण्यासाठी प्रत्येक वेळी तासभर बसण्याची गरज नाही, हे लक्षात आल्यावर काम सोपे झाले. लुकलुकणारा दिवा तासात ५१२ वेळा लागतो, म्हणून वीस लुकलुकींना १४०.६ सेकंद लागले की तास बरोबर. जानेवारीतील एका थंड सकाळी ओसरीवर बसून प्रीसेट फिरवत मी तो आकडा गाठला. यंत्र प्लॅस्टिकच्या खोक्यात घालून विहिरीवर बसवले, आणि उन्हात दिवे दिसेनात म्हणून त्यांच्यावर ठिबकच्या काळ्या नळीचे बोटभर तुकडे चढवले. मोटार आपोआप बंद करावी, असे धाकट्या दिरांचे म्हणणे होते. ते मी मानले नाही. स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट असतात आणि माझी विद्या ३.६ व्होल्टची आहे. यंत्राने सांगावे, पाट माणसाने फिरवावा.

दीड महिना सुरळीत गेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारची पाळी आप्पांची होती. बझर वाजला, आमच्या दिरांनी पाणी आपल्या पाटाला लावले आणि आप्पा सावकाश चालत माझ्याकडे आले.

"सूनबाई, तासात माझ्या बावीस सऱ्या भिजतात. आज अठराच भिजल्या. उरलेल्या चार तुझ्या डब्यानं खाल्ल्या का?"

माझ्या मोबाईलमध्ये मी वेळ लावलेली नव्हती, पण बावीसास अठरा म्हणजे साठास एकोणपन्नास मिनिटे, हे त्रैराशिक मनात झाले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. मी त्यांची माफी मागितली. दिरांनी दहा मिनिटे पाणी परत दिले. खोका हाताला चटका बसेल इतका तापला होता.

घरी आणून सावलीत वीस लुकलुकी मोजल्या तर १४१ सेकंद. तासभर उन्हात ठेवून मोजल्या तर ११५. दोष सापडायला संध्याकाळ लागली. दुकानातून मी आणलेला, ४७४ असे छापलेला पिवळट कपॅसिटर सिरॅमिकचा होता. या जातीतील स्वस्त कपॅसिटर तापले की त्यांची धारणक्षमता झपाट्याने उतरते. भांडे लहान झाले, ते लवकर भरू लागले आणि तास आखूड झाला. घटिकापात्राच्या वाटीने कधी असा दगा दिला नसता. मी थंडीत माप जुळवले आणि उन्हाळ्यात वापरले, यात दुकानदाराकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही. मागताना मी प्रकार सांगितलाच नव्हता.

तेवढ्याच किमतीचा पॉलिस्टर फिल्मचा कपॅसिटर लावून प्रीसेट पुन्हा जुळवला. आता उन्हात वीस लुकलुकींना १४३ सेकंद लागतात, म्हणजे भर दुपारी तास सुमारे एका मिनिटाने लांबतो. शिवाय खोक्यावर पांढरा रंग दिला आणि तो पॅनेलच्या सावलीत सरकवला. पुढच्या पाळीला आप्पा सरी मोजतच गेले. बाविसावी भिजली आणि तेविसावीत पाणी शिरत असताना बझर वाजला. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर मनगटी घड्याळ घालून मळ्यात येणे त्यांनी सोडले.

पलीकडच्या विहिरीवर अर्ध्या तासाच्या पाळ्या आहेत आणि तिथल्या जाऊबाईंनी तसेच यंत्र मागितले आहे. ३ क्रमांकाच्या पायाची तार २ वर नेली की अर्धा तास मिळेल, असे मी त्यांना लगेच सांगून टाकले. रात्री वही उघडली तेव्हा कळले की असे केल्यास दोन दिव्यांसाठी १२ वी आणि ११ वी पायरी लागते, आणि सीडी ४०६० च्या ११ व्या पायरीला बाहेर पायच दिलेला नाही. तेव्हा तारा जिथल्या तिथे ठेवून रेझिस्टरच निम्मा, म्हणजे सुमारे २ लाख ३ हजार ओहमचा करणार आहे. मग धाकटा दिवा साडेसात मिनिटांचा होईल आणि वीस लुकलुकींना ७०.३ सेकंद लागतील. कपॅसिटर या वेळी नाव घेऊन मागितला आहे.